धुळीची ॲलर्जी आणि लोखंडी हर्डल

दहावीचं वर्ष लागलं की आमच्या शाळेत धुळीची ॲलर्जी सुरू होते. नववीपर्यंत ज्या पोरांना मैदानावरून हाकलावं लागतं, त्यांच्या पालकांना एप्रिलमध्ये अचानक कळतं की आपल्या लेकराला धूळ सोसत नाही. आता शाळा कुठे, तर अबू धाबीत, मुसफ्फाला. एका बाजूला गॅरेजं आणि फॅब्रिकेशनची वर्कशॉपं, दुसऱ्या बाजूला नुसती वाळू. इथे धूळ सोसत नसेल तर माणसानं श्वास कशाचा घ्यायचा? पण डॉक्टरचं सर्टिफिकेट असतं, त्यावर शिक्का असतो आणि 'पी.टी.मधून सूट द्यावी' असं लिहिलेलं असतं. मी मुकाट्यानं ते फाइलला लावायचो. लावायचो म्हणतो, कारण यंदा मी रिटायर झालो.

मी सांगली जिल्ह्यातला, कबड्डी खेळून गुडघे घालवलेला माणूस. इथल्या मराठी मंडळात कुणी विचारायचं, "पाटील सर, शाळेत काय शिकवता?" मी सांगायचो, "पी.टी." मग समोरचा समजुतीनं म्हणायचा, "ते झालंच हो. पण विषय कुठला?" पहिली काही वर्षं मला राग यायचा. नंतर मी "भूगोल" सांगायला लागलो. तेवढ्यावर मंडळी खूश व्हायची आणि जेवण शांततेत व्हायचं.

आमचा धंदा नेमका काय, ते थोडक्यात सांगतो. मे ते सप्टेंबर मैदानावर पाय ठेवायचा नाही, वाळू तव्यासारखी तापलेली असते. तेव्हा पी.टी. म्हणजे हॉलमध्ये योगासनं आणि कॅरम. ऑक्टोबरात हवा जरा बरी झाली की मैदान उघडतं, आणि त्याच सुमाराला गणिताच्या बाई दारात येऊन उभ्या राहतात: "पाटील सर, पोर्शन राहिलाय. आजचा पिरियड द्याल का?" दिलेला पिरियड परत आलेला मी तरी पाहिला नाही. शाळा सुटल्यावर सराव घ्यावा म्हणाल, तर बस. इकडे शाळा प्रिन्सिपल चालवत नाही, बस चालवते. घंटा झाली की सगळी पोरं पिवळ्या बसमध्ये, आणि बस निघाली की मैदानावर मी आणि कबुतरं.

बसचे सर्वेसर्वा होते युसूफभाई, खेडचे. गोड माणूस, पण घड्याळाच्या बाबतीत दगड. मी म्हणायचो, "युसूफभाई, रिलेच्या मुली आहेत, जरा थांबवा ना." ते म्हणायचे, "सर, तुमच्यासाठी जीव देईन. बस नाही थांबवणार. यल्ला, बसा रे पोरांनो." मग आम्ही सराव सकाळी, असेंब्लीच्या आधी घ्यायला लागलो. प्रार्थनेला माझ्या रिलेच्या मुली घामाघूम उभ्या असायच्या.

आता हर्डलचं सांगतो, कारण पुढे ते लागणार आहे. अडथळ्यांच्या शर्यतीला हर्डल्स हवी होती. कॅटलॉगातली मागवायला मॅनेजमेंट तयार नव्हती. मी म्हटलं, मुसफ्फात बसून लोखंडाची काळजी कशाला? शाळेमागच्या एका वर्कशॉपात सुर्वे नावाचा संगमेश्वरकडचा वेल्डर होता. देवमाणूस. त्याला मी चित्र काढून दिलं, मापं दिली. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली, की पोराचा पाय लागला तर हर्डल पडायला हवं. ही काय सांगायची गोष्ट आहे का, असं मला वाटलं. आणि सुर्वेला वाटलं, शाळेतल्या लेकरांसाठी करायचंय, कच्चं काम कसं द्यायचं? त्यानं पुढे-मागे दोन्हीकडे पाय काढले, खाली पट्ट्या मारल्या, वर फाटकाला लावतात तसला पाइप. दोन माणसांनी मिळून एकेक हर्डल टेम्पोतून उतरवलं. सुर्वेनं त्यावर हात आपटला आणि म्हणाला, "सर, ट्रक गेला तरी हलणार नाही." मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. इतका खूश होता की मला पुढे काही बोलवेना.

त्या हर्डलवरून एकाही पोराला मी उडी मारू दिली नाही. युसूफभाईंनी ती बसपार्किंगला नेली आणि अडसर म्हणून लावली. तिथे ती अतिशय शोभली. बसचा मागचा बंपर दोनदा चेपला, हर्डल जागच्या जागी.

सानिका जोगळेकर ही आमच्या शाळेची सगळ्यात जोरात पळणारी मुलगी. पाचवीत ती मधल्या सुट्टीत डबा विसरली म्हणून वर्गाकडे पळत गेली, तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं आणि हातातला चहा तसाच राहिला. असं पाऊल शिकवून येत नाही. पुढे तिला रिलेत घेतलं. रिलेची गंमत अशी, की काठी घेणाऱ्यानं मागे बघायचंच नाही. हात मागे करायचा आणि पळत सुटायचं, काठी हातात येणार हे गृहीत धरून. नववीत दुबईच्या आंतरशालेय मीटमध्ये आमच्या मुलींची नेमकी काठी पडली आणि आम्ही शेवटचे आलो. परतीच्या बसमध्ये चौघी रडल्या आणि शेवटी ठरवून गप्प झाल्या: पुढच्या वर्षी ह्याच चौघी, हीच शर्यत. त्यातल्या एकीच्या वडिलांचं कॅनडाचं काम जमत आलं होतं, दुसरीला अकरावीसाठी आजीकडे कोट्टयमला पाठवणार होते. म्हणजे चौघींना एकत्र पळायला तेवढी एकच संधी उरली होती.

आणि दहावीच्या एप्रिलमध्ये सानिकाचं सर्टिफिकेट आलं. धुळीची ॲलर्जी.

मी तिला बोलावलं. म्हटलं, "काय गं, कधीपासून?"

ती म्हणाली, "सर, आय ॲम नॉट ॲलर्जिक. आय ॲम जस्ट इन टेन्थ."

मी सरळ तिच्या वडिलांना फोन लावला. प्रसाद जोगळेकर, ठाण्याचे, स्ट्रक्चरल इंजिनिअर, राहायला तिथेच, मुसफ्फाच्या शाबिया वस्तीत. भेटायला आले ते हातात लॅपटॉप घेऊन. माणूस वाईट नव्हता हो. मुलीवर जीव होता. पण सगळं प्लॅनमध्ये बसवायची सवय. त्यांनी मला सानिकाचं वर्षाचं वेळापत्रक स्क्रीनवर दाखवलं. गणित निळं, सायन्स हिरवं, झोप करड्या रंगात.

"पाटील सर, तुम्हीच सांगा, ह्यात रिले कुठे बसवू?"

"साहेब, सकाळचा अर्धा तास. झोपेतला घ्या."

"झोप मी ऑलरेडी मिनिमम ठेवलीय," ते म्हणाले. "आणि खरं सांगू का, पळून कुणाचं भलं झालंय? म्हणजे तुमचा अपवाद."

माझा अपवाद म्हणजे काय, ते मला आजही कळलेलं नाही. मी विचारलं, "तुम्ही तिला पळताना कधी बघितलंय?"

"व्हिडिओ आहे ना हिच्या आईकडे," ते म्हणाले, आणि लॅपटॉप मिटला.

प्रिन्सिपल मॅडमकडे गेलो. त्या केरळच्या, शिस्तीच्या. म्हणाल्या, "पाटील, धिस इज मेडिकल. नो आर्ग्युमेंट." आणि त्यांचंही बरोबर होतं. कागदावर आजारी असलेल्या पोरीला पळवलं आणि काही झालं, तर शाळेच्या गळ्याशी येणार. मीटला बदली मुलगी म्हणून मी आठवीतली एक पोर तयार करायला घेतली. ती बिचारी मनापासून पळायची, पण मध्येच थांबून बुटाची नाडी बांधायची. उरलेल्या तिघी मला रोज विचारायच्या, "सर, सानिका?" मी म्हणायचो, "इन्शाल्ला." शिक्षकाला काहीच सुचत नसेल तर हा शब्द फार उपयोगी पडतो.

सूट मिळालेल्या मुलांना स्पोर्ट्स डेला व्हॉलंटिअर करायची आमच्याकडे पद्धत आहे. कुणी पाणी वाटतं, कुणी नंबर चिकटवतं. सानिकाच्या वाट्याला शेवटच्या रेषेवर फीत धरायचं काम आलं. शाळेतली सगळ्यात वेगवान मुलगी दिवसभर दुसऱ्यांसाठी फीत धरून उभी. मला ते बघवत नव्हतं म्हणून मी चुन्याच्या रेषांकडे बघत होतो.

आता, स्पोर्ट्स डेची सगळ्यात धोक्याची शर्यत कुठली? तुम्हाला वाटेल गोळाफेक. नाही. वडिलांची शर्यत. गोळा फेकणारं पोर निदान ऐकतं. हे वडील कॉलेज सुटल्यापासून फक्त पार्किंग शोधायला चाललेले असतात. पोट पुढे, बूट आदल्या दिवशी मॉलमधून आणलेले, बायको मोबाइल धरून उभी, पोरं नावानं ओरडतायत. आणि प्रत्येक जण रेषेवर येताना मला ऐकू जाईल असं म्हणतो, "कॉलेजात मी हंड्रेड मीटर पळायचो." पोरांसाठी मी प्रथमोपचाराची छोटी पेटी ठेवतो. वडिलांसाठी बर्फाचा मोठा डबा. दरवर्षी मी अंतर पन्नास मीटर करायचं म्हणतो आणि दरवर्षी वडील म्हणतात, पन्नास काय लहान मुलांना, शंभरच ठेवा.

त्या वर्षी स्पोर्ट्स डे नोव्हेंबरातल्या शनिवारी होता म्हणून जोगळेकर साहेब आले. खरं तर त्यांच्या बायकोनं, मधुरा वहिनींनी, त्यांना आणलं होतं. आणि त्यांच्या बिल्डिंगमधल्या नायरनी परस्पर त्यांचं नाव दिलं. जोगळेकर आधी नाही नाही म्हणाले. मग नायर मांड्या ताणायला लागले ते बघून त्यांनी घड्याळ काढून वहिनींकडे दिलं. रेषेवर आले आणि मला म्हणाले, "पाटील सर, कॉलेजात मी..."

"हंड्रेड मीटर," मी म्हटलं. "माहितीय. सावकाश सुटा."

पण शिट्टी झाल्यावर सावकाश सुटलेला बाप मी अजून पाहिलेला नाही. सगळे एकदम सुटले. आणि खरं सांगतो, जोगळेकर पुढे होते. नायरच्याही पुढे. सानिकाचं पाऊल कुठून आलंय ते मला तिथे, त्या क्षणी दिसलं. मग त्यांच्या मांडीचा मागचा स्नायू गेला. हा स्नायू तुटला की माणसाला वाटतं मागून कुणीतरी दगड मारला. जोगळेकर धावता धावता रागानं मागे वळले, नायरकडे बोट दाखवलं, आणि तसेच वाळूत आडवे झाले.

मी बर्फाचा डबा उचलला. आमच्या सिस्टर बाई तंबूतून निघाल्या. पण आमच्या दोघांच्याही आधी पलीकडच्या टोकाला फीत खाली पडली होती.

सानिका सुटली होती. उलट्या दिशेनं, समोरून येणाऱ्या सगळ्या वडिलांमधून वाट काढत. दोघं जण तिला बघायला चक्क शर्यतीत थांबले. नायर शेवटच्या रेषेपाशी पोचले तर तिथे फीतच नाही, म्हणून ते तसेच पुढे बसपार्किंगपर्यंत गेले. त्या शर्यतीचा निकाल अजून लागलेला नाही. माईकवर गणिताच्या बाई होत्या, त्याही बोलायच्या थांबल्या. अख्खं मैदान गप्प होऊन त्या एका पोरीकडे बघत होतं.

प्रिन्सिपल मॅडम माझ्या मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "पाटील, हू इज दॅट गर्ल?"

मी म्हटलं, "मॅडम, डस्ट ॲलर्जी."

मी डबा घेऊन पोचलो तोवर सानिका वडिलांचा पाय सरळ करून बसली होती. "बाबा, डोन्ट मूव्ह. लेग स्ट्रेट ठेवा." जोगळेकर साहेबांच्या तोंडात वाळू, शर्टाला चुना, चष्मा एका कानावर. दुखत असणारच, पण त्यांचं लक्ष पायाकडे नव्हतंच. ते पोरीकडे बघत होते.

"तू तिथे होतीस ना?" त्यांनी विचारलं. "फितीपाशी?"

"हो."

"मग इथे कशी आलीस?"

सानिकाला प्रश्न कळेना. "रनिंग, बाबा."

मी बर्फ लावत होतो. ते माझ्याकडे वळले. "सर, मी डोकं वर केलं तेव्हा ही पार तिकडे होती. मी 'आई गं' म्हणेपर्यंत इथे. कधीपासून पळते ही अशी?"

"पाचवीपासून, साहेब."

तोवर मधुरा वहिनी आल्या. नवऱ्याचं घड्याळ त्यांच्याच मनगटावर होतं. पायाचं बघून घेतलं, फार नाही हे कळल्यावर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "किती वर्षं सांगतेय, एकदा ये, बघ. तुला बघायला पडावं लागलं."

साहेबांनी चष्मा नीट केला आणि परत पोरीकडे बघत बसले. त्या माणसाचा मला तेव्हा राग राहिला नाही. मला वाईट वाटलं, आणि ते एकट्या त्यांच्याबद्दल नव्हतं. माझ्या फाइलला लागलेल्या त्या ॲलर्जीवाल्यांत अशी अजून किती असतील, जी पळाली असती तर मैदान असंच गप्प झालं असतं? त्यांना ना त्यांच्या बापानं पळताना पाहिलं, ना मी. ही खंत माझी जात नाही.

सोमवारी जोगळेकर काठी टेकत शाळेत आले. बरोबर दोन सर्टिफिकेटं, एकाच क्लिनिकची. "सर, हे सानिकाचं, ती फिट असल्याचं. आणि हे माझं, ऑफिससाठी, मी अनफिट असल्याचं. नीट बघून लावा, उलटं नको." मग जरा घुटमळले. "फक्त ही एक मीट हं. त्यानंतर जानेवारीपासून निळं आणि हिरवं. तसं ठरलंय आमचं."

"आणि ॲलर्जी?" मी विचारलं.

"खलास," ते म्हणाले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसले.

दुबईच्या मीटला पहाटे बस निघाली. युसूफभाई स्वतः आले होते, का ते त्यांनी सांगितलं नाही. बसच्या मागच्या भागात काहीतरी खडखडत होतं. बघितलं तर सुर्वेचं हर्डल. मी म्हटलं, "युसूफभाई, हे कशाला? तिथे त्यांची असतात."

"पोरांना नाय ओ," ते म्हणाले. "जोगळेकर साहेब येतायत ना? तिथे पालकांना खुर्च्या नसतात. लंगडा माणूस रेलणार कशाला? हे हलणार नाय."

खरोखरच, दोरीच्या पलीकडे पालकांच्या गर्दीत युसूफभाईंनी ते हर्डल रोवलं आणि जोगळेकर साहेब त्यावर रेलून उभे राहिले. मी शेजारी, कारण प्रशिक्षकांनाही दोरीच्या बाहेरच उभं करतात. बर्फाचा डबा पायाशी होता. सवयीनं आणला होता.

शर्यत सुटली. पहिली बरी पळाली. दुसरीनं काठी नीट दिली. तिसरी वळणावर मागे पडली, आणि सानिकानं मागे न बघता हात मागे केला तेव्हा आम्ही पाचवे होतो. नववीत ह्याच ठिकाणी काठी पडली होती. काठी हातात बसली.

मग ती जी सुटली, ती चौथ्या नंबरच्या मुलीला टाकून पुढे, तिसऱ्या नंबरच्या मुलीला टाकून पुढे. पालक ओरडायला लागले. जोगळेकर साहेब आधी "सानिका" म्हणाले, मग "सानू", मग नुसतं "ए, ए, ए". त्यांना नीट दिसेना, म्हणून त्यांनी चांगला पाय हर्डलच्या खालच्या पट्टीवर ठेवला आणि वर चढले. मी म्हटलं, "साहेब, उतरा." ते ऐकण्याच्या पलीकडे होते. सरळ रेषेत सानिका आली तसे ते अख्खेच्या अख्खे पुढे झुकले.

आणि ते हर्डल पडलं. ज्याला बस पाडू शकली नाही, ते जोगळेकर साहेबांनी पाडलं, स्वतःसकट. नंतर मी हे सुर्वेला सांगितलं तर त्याला मनापासून वाईट वाटलं. म्हणाला, "सर, जमीन मऊ असणार. वेल्डिंगचा काही दोष नाही."

मी खाली वाकलो, वहिनी वाकल्या, युसूफभाई वाकले. तिघांनी मिळून त्यांना सरळ बसवलं. मैदानावर एकदम मोठा आरडाओरडा झाला आणि मग थांबला. म्हणजे शर्यत संपली होती. ज्या शर्यतीसाठी आम्ही एवढी उरस्फोड केली, तिचा शेवट आमच्यापैकी एकानंही पाहिला नाही.

सानिका शेवटच्या रेषेवर थांबलीच नव्हती. ती तशीच पुढे आली, दोरीखालून, काठी अजून हातात. धापा टाकत वडिलांसमोर उभी राहिली.

"बाबा, अगेन?"

त्यांनी वाळू झटकली. "कितवी आलीस?"

"सेकंड."

"पहिली को..." इतकं त्यांच्या तोंडून निघालं, सवयीनं. वहिनींनी नुसतं बघितलं. जोगळेकर साहेब थांबले. सानिकाच्या मागून बाकीच्या तिघी किंचाळत येत होत्या, पदक मिळाल्यासारखं नाही, जग जिंकल्यासारखं. ते त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग पोरीला म्हणाले, "शेवटचं मला दिसलंच नाही गं. परत पळशील?"

"नाऊ?"

"आत्ता नको," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी. मी खाली उभा राहीन."

सानिकानं माझ्याकडे बघितलं, बाबा खरंच असं म्हणाले का हे विचारावं तसं. मी मान हलवली आणि बर्फाचा डबा उघडला.